पुण्यात राहायला येताय? ‘हा भाग सुरक्षित आहे का’ याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भागातल्या रहिवासी मंडळाचं काम करताना घर शोधणारी माणसं, नवे भाडेकरू, मुलामुलींना शिकायला पाठवणारे पालक पुन्हा पुन्हा हेच विचारतात. उत्तरं एका जागी सापडावीत म्हणून इथे लिहिली आहेत. कायद्याचे संदर्भ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यांप्रमाणे आहेत.

पुणे एकूणात किती सुरक्षित आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, २० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या १९ शहरांचे आकडे वेगळे छापतो. २०२२ च्या अहवालात पुण्यात दर लाख लोकसंख्येमागे २८०.७ दखलपात्र गुन्हे (पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात असे) होते, आणि या यादीत कोलकात्यानंतर पुण्याचाच दर सर्वात कमी होता. २०२३ मध्ये पुण्याचा दर ३३७.१ वर गेला. तरीही मोठ्या शहरांत तो खालच्या अंगालाच राहिला. म्हणजे पुणं गुन्हेगारांच्या हवाली झालंय असं कुणी म्हणालं तर आकडे त्याला साथ देत नाहीत. पण घर शहरात नाही, गल्लीत घ्यायचं असतं. शहराच्या सरासरीवरून तुमच्या गल्लीचं काहीच कळत नाही.

कमी दर म्हणजे कमी गुन्हे, हे तरी खरं ना?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दर मोजतो नोंदवलेले गुन्हे. घडलेले गुन्हे त्याहून जास्त असतात, आणि किती जास्त, ते शहरागणिक बदलतं.

२०२३ चेच आकडे घ्या. कोलकात्याचा दर ८३.९, कोचीचा ३,१९२.४. कोचीत राहणारा माणूस कोलकात्याच्या माणसापेक्षा अडतीस पट धोक्यात जगतो, असं दोन्ही शहरं पाहिलेलं कुणीही म्हणणार नाही. केरळात लहानसहान बाबीचीही नोंद होते, लोक पोलिसांकडे जातात, आणि म्हणून आकडा फुगलेला दिसतो. गुन्ह्यांची नोंद वाढणं आणि गुन्हे वाढणं यांत फरक करा, असं एनसीआरबी स्वतःच आपल्या अहवालात बजावते.

आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण मोबाइलचं. गर्दीच्या बसमध्ये खिशातून फोन मारला जातो, आणि माणूस ‘गहाळ झाला’ अशी नोंद करून घरी येतो, कारण नवं सिमकार्ड घ्यायला तेवढं पुरतं. चोरी झाली, पण चोरीच्या आकड्यात ती गेलीच नाही. त्या बसमार्गावर साध्या वेशातला पोलीस ठेवायला हवा, हे मग कुणाला कसं कळणार?

दर काढतात तरी कसा?

वर्षातले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. यात दोन खाचा आहेत. एकाच घटनेत खून, दरोडा आणि मारहाण अशी कलमं लागली, तर एनसीआरबी त्यातला सर्वात गंभीर गुन्हा एकदाच मोजते. दुसरी खाच लोकसंख्येची. शहरांसाठी अजून २०११ ची जनगणना धरतात, आणि त्याप्रमाणे पुणे नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ५०.५ लाख. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली; वाघोली, आंबेगाव, बाणेर, खराडीकडे इमारतींची रांग लागली. भाजक जुना आणि गुन्हे आजचे, त्यामुळे वाढत्या शहराचा दर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. नोंदच न झालेल्या गुन्ह्यांमुळे तो कमी दिसतो, ते वर सांगितलंच. या दोन चुका एकमेकींना नेमक्या किती खोडतात ते कुणी मोजलेलं मी वाचलेलं नाही, आणि म्हणून दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर कुणी वाद घातला की मी त्यात पडत नाही.

माझ्या भागाचे आकडे कुठे मिळतील?

भागाचे मिळत नाहीत, पोलीस ठाण्याचे मिळतात. एका ठाण्याच्या हद्दीत बंगल्यांची सोसायटी, बाजारपेठ, महामार्ग आणि वस्ती असं सगळं येतं. त्यामुळे आधी घर कोणत्या ठाण्याच्या हद्दीत आहे ते शोधा. लोकांच्या बोलण्यात हिंजवडी आणि वाकड ‘पुण्यात’ असतात, पण तिथली पोलीस ठाणी १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात. बावधनचं ठाणंही तिकडेच, रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार मात्र पुणे महापालिकेकडे.

मग महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आदेश दिला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे गुन्हे, दहशतवादाची प्रकरणं अशा संवेदनशील एफआयआर यातून वगळल्या आहेत. ठाणं आणि तारखा निवडल्या की बाकीच्यांची यादी मिळते. दोन-तीन महिन्यांची यादी नुसती नजरेखालून घाला. वाहनचोरी किती, घरफोडी किती, ऑनलाइन फसवणूक किती, मारामाऱ्या कुठल्या चौकात होतात, हे तासाभरात लक्षात येतं. घराचा दलाल महिनाभरात जे सांगणार नाही ते ही यादी सांगते.

वर्षाची बेरीज हवी असेल तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचं शुल्क भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. ‘गुन्ह्यांची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक ठाण्यात अमुक तीन वर्षांत घरफोडी, वाहनचोरी, जबरी चोरी, विनयभंग यांचे दाखल आणि उघडकीस आलेले गुन्हे, वर्षनिहाय’ असं लिहा. ‘उघडकीस आलेले’ हा शब्द विसरू नका. किती गुन्हे घडले याइतकंच किती शोधले गेले हेही महत्त्वाचं आहे.

आमच्या ठाण्यातले गुन्हे एका वर्षात धाडकन घटलेत. परिसर सुधारला म्हणायचं का?

आधी हद्द बदलली का ते बघा. पुणे शहरात २०२४ मध्ये सात नवी ठाणी झाली: आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ. आंबेगावचा भाग आधी भारती विद्यापीठ ठाण्यात होता, खराडी चंदननगर ठाण्यात, बाणेर चतुःशृंगीत. त्यामुळे २०२३ चं चतुःशृंगी आणि २०२५ चं चतुःशृंगी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तरीही अशी तुलना करून ‘गुन्हे घटले’ म्हणणारे संदेश गटागटांत फिरत असतात.

कोथरूड बरं की हडपसर, एवढं सरळ सांगा ना!

तसं एका शब्दात सांगणारा माणूस तुमची फसवणूक करतोय.

कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिक जास्त, म्हणून त्यांना गाठणारे भामटेही तिकडे जातात. बाणेर-बालेवाडी, खराडीसारख्या भागात नोकरदार जोडपी, दिवसभर बंद सदनिका आणि बँकेत पैसा. मग घरफोडी आणि ऑनलाइन फसवणूक यांची भीती जास्त. फसवणूक करणारा परराज्यात बसलेला असला तरी गुन्हा तुमच्या ठाण्यात दाखल होऊ शकतो, म्हणून अशा भागाचा आकडा वाढतो आणि रस्ते मात्र शांत असतात. स्टेशन, स्वारगेट, मंडई अशा गर्दीच्या जागी खिसेकापू. विद्यार्थ्यांच्या भागात मोबाइल, लॅपटॉप, दुचाकी.

शांत भाग म्हणून निर्धास्त राहू नका. २०२३ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत, भरदिवसा, एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक तरुण मध्ये पडला म्हणून ती वाचली. पेठेतल्या चौकीत त्या वेळी पोलीस नव्हते, म्हणून निलंबनाची कारवाईही झाली. २०२५ च्या फेब्रुवारीत स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. ठाणं तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दोन्ही जागा शहराच्या अगदी मध्यात. म्हणून मी भाग विचारत नाही. कोण राहणार, कामाची वेळ काय, घरी परतायचा रस्ता कुठला, हे विचारतो. पंचविशीतल्या मुलाला आणि सत्तरीच्या आजींना एकाच गल्लीत वेगवेगळ्या गोष्टींपासून सांभाळावं लागतं.

आणखी एक. पुण्यात खुनात मरणाऱ्यांपेक्षा रस्त्यावर मरणारी माणसं कितीतरी जास्त आहेत, आणि गुन्हे दराकडे बघून घर घेणारा ते बघतच नाही. कल्याणीनगरसारख्या उच्चभ्रू भागात १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तुमच्या मुलाची शाळा अपघातांसाठी बदनाम असलेल्या नवले पुलापलीकडे असेल, तर टोळ्यांची चौकशी करण्याआधी त्या उताराची करा.

बाजूला झोपडपट्टी आहे. घर घ्यावं का?

हा प्रश्न आवाज खाली करून विचारतात, म्हणून उत्तर मोठ्याने देतो. वस्ती जवळ आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. वस्तीतली टोळकी आधी वस्तीतल्याच माणसांना छळतात. काचा फुटतात त्या तिथल्या रिक्षांच्या, हप्ता मागतात तो तिथल्या टपरीवाल्याकडे, आणि तक्रार द्यायची भीतीही सर्वात जास्त त्यांनाच, कारण आरोपी जामिनावर सुटून त्याच बोळात राहायला येतो. जनता वसाहत, येरवडा ही नावं घेतली की कपाळावर आठी येते, पण पहाटे उठून तुमच्या सोसायटीत कामाला येणारी माणसं तिथलीच. नाव बदनाम झालेल्या वस्तीतला मुलगा नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगताना अडखळतो, हे मी पाहिलंय. त्याचा विचार घर घेणाऱ्यानेही करायला हवा.

‘कोयता गँग’ ही एकच टोळी आहे का?

नाही. २०२२ च्या शेवटी सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोन तरुणांनी कोयते परजत दहशत माजवली, त्याची चित्रफीत राज्यभर गेली आणि हे नाव वर्तमानपत्रांनी उचललं. प्रत्यक्षात ही वेगवेगळ्या भागांतली, एकमेकांशी संबंध नसलेली टोळकी आहेत. कोयता ऊसतोडीचं, नारळ सोलायचं हत्यार. स्वस्त आणि सहज मिळणारं. पोलिसांच्या हाती लागणाऱ्यांत अल्पवयीन मुलं बरीच असतात, ज्यांना कायदा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. समाजमाध्यमांवर हत्यारासह फोटो टाकून ‘भाई’ व्हायची हौस हे त्यामागचं मोठं कारण, आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर आपला फोटो लागावा ही दुसरी. ते फलक लावणारे मोठे असतात. त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही याचा मला राग येतो.

मोक्का, तडीपारी, एमपीडीए म्हणजे काय? गुंड तडीपार झाला तर सुटलो का?

तडीपारी म्हणजे गुंडाला ठरावीक हद्दीबाहेर घालवणं. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली होते आणि दोन वर्षांपर्यंत असते. एमपीडीए हा धोकादायक गुंडांना आधीच रोखण्यासाठीचा राज्याचा कायदा, त्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा आहे, त्यात जामीन सहज मिळत नाही. तडीपार माणूस परत दिसला तर ठाण्याला कळवा. हद्दीत परतणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

रात्री गाड्यांची तोडफोड झाली. नुकसानभरपाई मिळते का?

तुमचा विमा सर्वसमावेशक असेल तर मिळू शकते. फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर नाही. पोलिसांत नोंद आणि फोटो लागतातच, तेव्हा काच बदलण्याआधी फोटो काढा. दहा गाड्या फुटल्या तर दहाही जणांनी नावं नोंदवा. एकाने तक्रार द्यावी आणि बाकीच्यांनी गॅलरीतून बघावं, असं केलं की कागदावर एकच गाडी फुटलेली राहते.

घरफोडी टाळायला काय करावं?

‘कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द बातमीत इतक्यांदा येतात, ते उगीच नाही. चोर कुलपाशी खटपट करत बसत नाही, कोयंडाच उपसतो. म्हणून बाहेर लोंबणाऱ्या कुलपापेक्षा दाराच्या आत बसवलेलं लॅच आणि पक्की चौकट बरी. गावी जाताना दारात दूध आणि पेपर साचू देऊ नका, फोटो परत आल्यावर टाका, दागिने लॉकरमध्ये ठेवा. शेजाऱ्याला सांगून जा. आमच्याकडे पकडलेल्या घरफोड्यांपैकी बऱ्याच शेजारच्या काकूंनी ‘कोण पाहिजे हो तुम्हाला?’ विचारल्यामुळे फसल्या.

सीसीटीव्ही लावला असेल तर चित्रण किती दिवस टिकतं ते आजच तपासा. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, आणि गरज पडते तेव्हाच हे कळतं. निदान एका कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे असावं, वाहनाचा क्रमांक वाचता येईल एवढ्या उंचीवर.

आई-बाबा एकटे असतात. त्यांना काय सांगून ठेवू?

दोन गोष्टी, पाठ होईपर्यंत. पहिली: ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ असं म्हणणारा तोतया असतो. खरा पोलीस कुणालाही रस्त्यात दागिने काढायला लावत नाही. दुसरी: कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकारच नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून पैसे मागणारा भामटा आहे, फोन ठेवायचा आणि मुलांना सांगायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाऊ शकते, दुसऱ्या दिवशी फार कठीण. आणि कृपा करून रागावू नका. फसलेली वडीलधारी माणसं लाजेने सांगत नाहीत, आणि त्या लाजेतच वेळ निघून जातो.

मुलगी रात्री उशिरा परतते. तिच्यासाठी भाग कसा पारखू?

ती ज्या वेळी परतणार त्याच वेळी, ज्या रस्त्याने येणार त्याच रस्त्याने, स्वतः चालत जा. मेट्रो स्थानकापासून किंवा पीएमपी बसच्या थांब्यापासून दारापर्यंत. दिवे चालू आहेत का, बंद पडलेली बांधकामं किंवा पत्र्याच्या कुंपणाची लांब भिंत आहे का, दहा वाजता मेडिकल किंवा खानावळ उघडी असते का. उघडं दुकान हा मोठा आधार असतो, गस्तीच्या गाडीपेक्षाही, कारण ते जागेवरून हलत नाही. बंद दिव्याची तक्रार ‘पीएमसी केअर’ ॲपवर करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पाठलाग हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, प्रत्यक्ष आणि समाजमाध्यमांवरही. ‘अजून काही केलं तर नाही ना त्याने?’ हे वाक्य ठाण्यात कुणी म्हणालं तर कलमाचा आकडा सांगा. महिलांसाठी १०९१ आणि १८१ हे मदत क्रमांक आहेत, पुण्यात महिला पोलिसांची दामिनी पथकं आहेत. आणि तिला रात्री बाहेर न पडण्याचा सल्ला देऊ नका. रस्त्यावर बायका कमी झाल्या की उरलेल्या बायकांना रस्ता आणखी अवघड होतो.

११२ ला फोन केल्यावर काय होतं?

फोन तुमच्या ठाण्यात लागत नाही. तो राज्याच्या केंद्रात, नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो आणि तिथून जवळच्या गाडीला कळवलं जातं. समोरच्याला ‘मारुती मंदिराच्या मागे’ कळणार नाही, कारण मारुती मंदिरं पुण्यात गल्लोगल्ली. शहर, भाग, मुख्य रस्ता, सोसायटीचं पूर्ण नाव, असं सांगा. फोन चालू ठेवा, गाडीतून उलट फोन येतो.

ठाण्यात म्हणाले, ‘अर्ज देऊन जा.’ मग?

साधा अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये एक सूट आहे: तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तसं असेल तर तसं सांगायला हवं. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

‘हद्द आमची नाही’ हेही कारण चालत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावी लागते, ती मागाहून योग्य ठाण्याकडे जाते. ई-मेलसारख्या माध्यमातूनही तक्रार देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. तरीही नकार मिळाला तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. अदखलपात्र तक्रार असेल, ज्याला सगळे एनसी म्हणतात, तर पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करत नाहीत. पण एनसीही नोंदवाच. शेजारचा दारू पिऊन धमक्या देतो अशा पाच एनसी असल्या, तर सहाव्या वेळी प्रतिबंधक कारवाईला आधार मिळतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायलाच हवी का?

पुण्यात पोलिसांचे तसे आदेश निघतात आणि ते मोडले तर घरमालकावर कारवाई होते. माहिती ऑनलाइन भरता येते. ती कुठल्या एका धर्माच्या, जातीच्या किंवा राज्याच्या भाडेकरूपुरती नसते, सगळ्यांची द्यायची असते.

तक्रार दिली, पुढे काहीच कळत नाही. किती दिवस वाट बघायची?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, फोनवरच्या संदेशानेही चालतं. एफआयआरवर तपास अधिकाऱ्याचं नाव असतं. महिन्याभराने त्यांना भेटा, चोरीला गेलेल्या वस्तूंची पावती किंवा वाहनाची कागदपत्रं द्यायची राहिली असतील तर द्या. नव्वद दिवस उलटूनही निरोप नसेल, तर एफआयआर क्रमांक टाकून वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना दोन ओळींचं पत्र लिहा आणि आपल्या प्रतीवर पोहोच घ्या.